कादाचित्क बिघाड आणि कारणाचा प्रश्न

जुन्या मोटारगाडीच्या चार्जिंगमध्ये अधूनमधून होणारा बिघाड हा गॅरेजचा विषय आहे, तसाच तो तत्त्वज्ञानाचाही आहे. गाडी तीन दिवस नीट चालते आणि चौथ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता ‘कट’ असा आवाज येतो. बॅटरी उतरलेली असते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा एखाद्या चढावर क्षणभर लागतो आणि विझतो. गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली की सगळे ठाकठीक. कायमचा बिघाड समोर उभा असतो, त्याला हात लावता येतो. जो कधी असतो आणि कधी नसतो, त्याचा हात धरायचा कसा? अशा वस्तूला संस्कृत दर्शनग्रंथांत ‘कादाचित्क’ म्हणजे कधीमधी घडणारे असे म्हणतात. कादाचित्क घटनेला निश्चित कारण असते काय, आणि असल्यास ते कारण काही वेळा परिणाम का घडवत नाही, या प्रश्नावर भारतीय दार्शनिकांनी शतकानुशतके वाद केला. त्या वादात घडलेल्या संकल्पना बिघाड शोधणाऱ्याच्या रोजच्या उपयोगाच्या आहेत. जुन्या गाडीच्या उदाहरणावरून त्या संकल्पनांचा अर्थही अधिक स्वच्छ कळतो.

चार्जिंगची व्यवस्था

मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. म्हणून पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी मीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते आणि ११.९ ला जवळजवळ रिकामी. इंजिन चालू झाल्यावर तिला भरण्याचे काम अल्टरनेटर करतो. पूर्वीच्या गाड्यांत त्या जागी डायनमो असे, त्यामुळे अनेक मेकॅनिक अल्टरनेटरलाही डायनमोच म्हणतात. चार्जिंग नीट असेल तर इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात.

इंजिनावरून फिरणारा पट्टा अल्टरनेटरची पुली फिरवतो आणि पुलीबरोबर आतला रोटर फिरतो. रोटरवर तारेची गुंडाळी असते. दोन कार्बन ब्रश, ज्यांना गॅरेजमध्ये नुसते ‘कार्बन’ म्हणतात, ते स्लिप रिंगवर टेकून या गुंडाळीला थोडा प्रवाह पोचवतात आणि रोटर चुंबक बनतो. हे फिरते चुंबक बाहेरच्या स्थिर गुंडाळ्यांत प्रत्यावर्ती वीज निर्माण करते. डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात आणि रेग्युलेटर रोटरचा प्रवाह कमीजास्त करून व्होल्टेज आवरून धरतो. जुन्या पद्धतीच्या रचनेत लाल दिव्याचे एक टोक इग्निशन स्विचला आणि दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. चावी फिरवली की या दिव्यातूनच रोटरला पहिला प्रवाह मिळतो. अल्टरनेटर वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांचे व्होल्टेज सारखे होते आणि दिवा विझतो. त्यामुळे हा छोटा बल्ब निव्वळ सूचक नसून यंत्रणेचा एक अवयव आहे. तो जळाला तर अनेक जुन्या गाड्यांत चार्जिंग उशिरा सुरू होते किंवा होतच नाही.

अ‍ॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० यांच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत बिघाडाची नोंद ठेवणारा संगणक नाही. मारुती ८०० आणि अ‍ॅम्बॅसेडर या दोन्हींचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण दोन्ही गाड्या आजही वापरात आहेत. त्यांच्या बाबतीत बिघाडाचे अनुमान माणसालाच करावे लागते. म्हणून अनुमान शुद्ध कसे होते, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

आकस्मिकवाद आणि त्याचे उत्तर

कादाचित्क बिघाडाचे एक उत्तर फार सोपे आहे: गाडी लहरी झाली, जुनी झाली, तिचे असेच चालायचे. हे उत्तर प्राचीन आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात, वस्तू निमित्तावाचून उत्पन्न होतात असे म्हणणारा पूर्वपक्ष आला आहे. काट्याला टोक कोणी काढले, असा त्याचा दाखला आहे. सूत्रकार हा पक्ष खोडून काढतात.

दहाव्या शतकातील मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या पहिल्या स्तबकात (प्रकरणात) या आकस्मिकवादाचा सविस्तर परामर्श घेतला. ‘अकस्मात घडते’ या म्हणण्याचे जेवढे अर्थ संभवतात तेवढे त्यांनी मांडले. कारणच नाही, उत्पत्तीच होत नाही, वस्तू स्वतःपासूनच होते, असत् पासून होते, स्वभावानेच होते: यातला कोणताही अर्थ टिकत नाही, असे त्यांनी दाखवले. युक्तिवादाचा गाभा असा, की जे कशावरही अवलंबून नाही ते एकतर सदैव असेल किंवा कधीच नसेल. कधी असणे आणि कधी नसणे हे परावलंबी वस्तूलाच शक्य आहे. बौद्ध नैयायिक धर्मकीर्ती यांनीही त्यांच्या आधी हाच विचार मांडला होता. ज्या मुद्द्यावर आकस्मिकवादी भिस्त ठेवतो तोच त्याच्या विरुद्ध जातो, कारण घटनेचे कादाचित्क असणे हीच ती कशावर तरी अवलंबून असल्याची खूण आहे. उदयनाचार्यांना या पायरीवरून पुढे अदृष्टाकडे, म्हणजे पूर्वकर्मांच्या न दिसणाऱ्या संस्काराकडे, आणि अखेर ईश्वरसिद्धीकडे जायचे होते. ती पुढची वाटचाल कोणी मान्य करो वा न करो, पहिली पायरी स्वतंत्रपणे उभी राहते.

गाडीच्या बाबतीत तिचा अर्थ थेट आहे. दिवा चढावरच लागत असेल, सकाळी थंड इंजिनावर लागत नसेल आणि तासाभराच्या प्रवासानंतर लागत असेल, तर चढ, थंडी आणि तासभराची उष्णता हे बिघाडाने स्वतःहून दिलेले पत्ते आहेत. कायमच्या बिघाडाकडे असा पत्ता नसतो. या दृष्टीने कादाचित्क बिघाड अधिक बोलका आहे.

अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील डेव्हिड ह्यूम यांनी घड्याळाचा दाखला देऊन हाच मुद्दा मांडला. खेडुताला बंद पडणाऱ्या घड्याळाबद्दल ‘ते नेहमी नीट चालत नाही’ एवढेच सांगता येते. कारागिराला मात्र ठाऊक असते, की स्प्रिंगचा किंवा लंबकाचा चाकांवरचा जोर सारखाच असतो. नेहमीचा परिणाम अडतो तो कदाचित धुळीच्या एका कणामुळे. कार्यकारणाच्या अटळ बंधाबद्दल ह्यूम स्वतः साशंक होते, तरीही अनियमितपणा कारणात नसून आपल्या अज्ञानात असतो, असेच तज्ज्ञ मानतात हे त्यांनी नोंदवले. विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राने अणूच्या पातळीवर या मान्यतेला मर्यादा घातली. किरणोत्सारी अणू नेमका केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. पण वायरच्या टोकाचा गंजलेला लग, झिजलेला कार्बन आणि सैल पट्टा त्या पातळीच्या फार वर आहेत. तेथे ‘उगाचच’ या उत्तराला भौतिकशास्त्राचाही आधार नाही.

सामग्री, प्रतिबंधक आणि उत्तेजक

कारण आहे, तर ते नेहमी काम का करत नाही? न्यायशास्त्राचे उत्तर असे, की एकटे कारण कार्य घडवत नाही. कारणांची पूर्ण जुळणी म्हणजे ‘सामग्री’ कार्य घडवते. दंड, चक्र, माती आणि कुंभार यांपैकी एक नसेल तर घट होत नाही, आणि म्हणून उरलेल्या तिघांना लहरी म्हणता येत नाही. चार्जिंगचीही सामग्री आहे: पट्ट्याचा ताण, कार्बन, स्लिप रिंग, गुंडाळ्या, डायोड, रेग्युलेटर, इग्निशन स्विचचा संपर्क, लाल बल्ब, बॅटरीकडे जाणारी जाड वायर, टर्मिनल, आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी. यातील एक घटक क्षणभर गळला की तेवढा क्षण चार्जिंग नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये कारणाची व्याख्या करताना सर्व अटींची बेरीज असेच म्हटले. त्या बेरजेत अडथळ्याच्या अभावासारख्या नकारार्थी अटीही येतात, हेही त्यांनी स्पष्ट केले.

या नकारार्थी अटीवरून न्यायदर्शनाचे अनुयायी नैयायिक आणि मीमांसादर्शनाचे अनुयायी मीमांसक यांच्यात मोठा वाद झाला. उदाहरण अग्नी आणि चंद्रकांत मणी यांचे. मणी जवळ असला की अग्नी जाळत नाही आणि दूर नेला की पुन्हा जाळतो, असे त्या काळी मानले जाई. मीमांसक म्हणत, अग्नीत दाहाची ‘शक्ती’ नावाचा वेगळा पदार्थ आहे आणि मणी ती शक्तीच नष्ट करतो. नैयायिक म्हणत, वेगळी शक्ती मानण्याचे कारण नाही. दाहाच्या सामग्रीत ‘प्रतिबंधकाचा अभाव’ हाही एक घटक आहे, मणी आला की तो घटक नाहीसा होतो. वादात एक तिसरा पदार्थही आला. मणी जवळ असूनही दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या सान्निध्याने अग्नी पुन्हा जाळू लागतो, असे मानले जाई. तिला ‘उत्तेजक’ म्हणतात. म्हणून सामग्रीत नुसता मण्याचा अभाव धरून भागत नाही, ‘उत्तेजक नसताना असलेल्या मण्याचा अभाव’ धरावा लागतो, अशी काटेकोर दुरुस्ती सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचानन यांच्या ‘सिद्धान्तमुक्तावली’सारख्या ग्रंथांत आढळते.

ही दुरुस्ती शब्दांचा कीस वाटेल, पण अल्टरनेटरवर ती डोळ्यांनी दिसते. कार्बन झिजून आखूड झाला की त्याला मागून रेटणाऱ्या स्प्रिंगचा जोर कमी होतो, आणि खोबणीत काजळी साठल्यामुळे तो अडकतो. अल्टरनेटर तापला की कार्बन रिंगवर नीट टेकत नाही, रोटर चुंबक बनत नाही, चार्जिंग थांबते. अशा वेळी मेकॅनिक पान्याच्या दांड्याने अल्टरनेटरच्या पाठीवर हलकेच ठोकतो आणि दिवा विझतो. काजळी गेलेली नाही, कार्बन लांब झालेला नाही. प्रतिबंधक जागच्या जागी आहे, ठोका हा उत्तेजक आहे. ठोक्याने चार्जिंग सुरू झाले म्हणून दुरुस्ती झाली असे समजणे म्हणजे उत्तेजकाला प्रतिबंधकाचा अभाव समजणे होय. ठोक्याचे खरे मोल वेगळे आहे: त्याने बिघाडाचा ठिकाणा सांगितला.

‘अल्टरनेटरमध्ये दम राहिला नाही’ असे म्हणून तो बदलणे हा मीमांसकांच्या शक्तिवादाचा व्यवहारातला अवतार म्हणता येईल. कधी ते खरेही असते, कारण गुंडाळी जळालेली असते. पण नैयायिकांचा मार्ग आधी चालून पाहणे शहाणपणाचे ठरते. शक्ती गेली असे म्हटले की शोध थांबतो. अडथळा कोणता असे विचारले की शोध सुरू होतो.

एक कार्य, अनेक कारणे

बॅटरी उतरली यावरून चार्जिंग बिघडले असे म्हणता येत नाही. दर्शनग्रंथांत याला समांतर असा तृण, अरणी आणि मणी यांचा प्रश्न आहे. गवतापासून अग्नी होतो, अरणी घासून होतो आणि सूर्यकांत मण्यापासूनही होतो; मग अग्नीचे निश्चित कारण कोणते? मीमांसकांनी तिन्हींत एकच शक्ती मानली. नैयायिकांनी सांगितले, की तिन्ही अग्नी सूक्ष्मपणे वेगवेगळ्या जातींचे आहेत. नीट पाहिले तर कार्यातच फरक आहे.

बॅटरी उतरण्याचेही तीन मार्ग आहेत: ती भरली जात नाही, भरते पण गाडी बंद असताना काहीतरी करंट ओढते, किंवा भरते पण तिच्यात साठा टिकत नाही. वरवर कार्य एकच. मीटर लावला की जाती वेगळ्या दिसतात. इंजिन वेगात असताना आणि सगळे दिवे लावलेले असताना टर्मिनलवर १३ व्होल्टही मिळत नसतील तर पहिला प्रकार. चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास असूनही उभ्या गाडीची बॅटरी रात्रीत खाली येत असेल तर दुसरा. सर्व काही बंद असताना ओढला जाणारा प्रवाह जुन्या गाडीत ५० मिलीअँपिअरच्या आत असावा. डिकीतला न विझणारा दिवा किंवा नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम अर्धा अँपिअर ओढत असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत संपते. बॅटरी पटकन १४ व्होल्ट दाखवते पण सेल्फ मारताच ९.६ च्या खाली कोसळते, आणि हायड्रोमीटरने एखाद्या घराचे आम्ल इतरांपेक्षा बरेच पातळ भरते, तर तिसरा प्रकार. ‘कारणे अनेक आहेत’ असे म्हणून थांबण्याऐवजी कार्य अधिक बारकाईने पाहावे, हा नैयायिकांचा धडा येथे अक्षरशः लागू पडतो.

उपाधी

न्यायशास्त्रातील सर्वांत उपयोगी संकल्पना ‘उपाधी’ ही आहे. धूर तेथे अग्नी, हा नियम अव्यभिचारी, म्हणजे निरपवाद आहे. अग्नी तेथे धूर, हा तसा नाही; लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग अग्नीबरोबर धूर कधी दिसतो आणि कधी का दिसत नाही? कारण मध्ये एक अट आहे: ओले इंधन. ही न दिसलेली अट म्हणजे उपाधी. चौदाव्या शतकातील गंगेशोपाध्यायांच्या ‘तत्त्वचिंतामणी’त आणि तिच्यावरील टीकाग्रंथांत उपाधीची फार सूक्ष्म चर्चा आहे. मराठी वाचकाला या परिभाषेत शिरायचे असेल तर महामहोपाध्याय भीमाचार्य झळकीकर यांचा ‘न्यायकोश’ आजही भरवशाचा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने त्याची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती १९२८ मध्ये प्रसिद्ध केली.

अधूनमधूनचा बिघाड म्हणजे उपाधी न सापडलेला बिघाड. एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पंचवीस-तीस वर्षांची गाडी. तक्रार अशी, की पावसाळी रात्री लाल दिवा मंद पेटलेला दिसतो आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी मलूल असते. मालकाचा निष्कर्ष: पावसाचे पाणी वायरिंगमध्ये जाते. पाऊस आणि दिवा यांचे साहचर्य खरे आहे. आता अन्वय-व्यतिरेकाने, म्हणजे एक असताना दुसरे असते काय आणि नसताना नसते काय हे पाहून, ते तपासावे. कोरड्या दुपारी गाडी सावलीत उभी करून हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम लावले आणि इंजिन थोडे वेगात ठेवले. हाताच्या आडोशाने डॅशबोर्ड अंधारात घेतला तर दिवा मंद पेटलेला दिसतो. पाऊस नाही, बिघाड आहे. भर पावसात दिवसा सगळे बंद ठेवून गाडी चालवली तर दिवा लागत नाही. पाऊस आहे, बिघाड नाही. पाऊस गळून पडला. उरला तो भार.

भाराचा माग काढत मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवावे. सगळे बंद असताना, पाच अँपिअरच्या प्रवाहात, ०.३ व्होल्टचा फरक दिसतो. भार लावून प्रवाह पंचवीसवर नेला की तो १.५ व्होल्ट होतो. म्हणजे वाटेत ०.०६ ओहमचा अडथळा आहे. इतका लहान, की साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर तो कळतही नाही. रबरी टोपी मागे सारली की दिसते: नट हाताने फिरेल इतका सैल, लग उष्णतेने काळानिळा पडलेला, वायरचे तांबे टोकाशी ठिसूळ आणि हिरवे. अल्टरनेटर बिचारा १४.२ व्होल्ट देतच होता, बॅटरीपर्यंत १२.७ पोचत होते. मधला दीड व्होल्ट लाल दिव्याच्या दोन टोकांत उतरला होता, म्हणून तो रात्रीच्या अंधारातच जाणवेल इतका मंद पेटत होता. पाऊस कशासाठी, तर वायपर आणि ब्लोअरसाठी. रात्र कशासाठी, तर हेडलाइटसाठी आणि मंद दिवा डोळ्यांना दिसण्यासाठी. ‘पावसाळी रात्र’ या तक्रारीतला प्रत्येक शब्द खरा होता आणि त्यावरून काढलेले कारण चुकीचे होते.

उपाधी न पाहता केलेली दुरुस्तीही फसवते. नवी बॅटरी बसवली आणि गाडी महिनाभर नीट चालली, म्हणून बॅटरीच खराब होती असे ठरते. पण बॅटरी बदलताना टर्मिनलवरचे पांढरे क्षार घासले गेले, नट आवळले गेले. गुण कदाचित त्याचा असेल. शिवाय नवी बॅटरी अपुऱ्या चार्जिंगवरही काही आठवडे तग धरते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, तसा हा अनुभव असू शकतो.

न दिसणे आणि नसणे

गॅरेजमध्ये बिघाड दिसला नाही, म्हणून तो नाही असे म्हणता येईल काय? अभावाचे ज्ञान कसे होते, यावर भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी ‘अनुपलब्धी’ म्हणजे न आढळणे हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते प्रत्यक्षाचेच साहाय्यक मानले. पण सर्वांनी एक अट घातली: अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. वस्तू असती तर दिसली असती अशी स्थिती असेल, तरच तिच्या न दिसण्यावरून ती नाही असे ठरते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून खोलीत घट नाही असे सिद्ध होत नाही.

थंड इंजिन, उभी गाडी, बंद दिवे आणि दहा मिनिटांची तपासणी ही अंधारी खोलीच आहे. येथे ‘सगळे ठीक आहे’ या शेऱ्याला प्रमाणाचा दर्जा नाही. मीटरच्या बाबतीतही हेच. दहा तारांपैकी एकच शाबूत असलेली वायर, प्रवाह वाहत नसताना, मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते. प्रवाह नाही तर व्होल्टेजची घट नाही; भार टाकल्यावरच ती उघडी पडते. लाल दिव्याचे न लागणे हेही निर्दोष लिंग (हेतू, खूण) नाही. पट्टा घसरत असेल तर अल्टरनेटर दिवा विझवण्यापुरती वीज देतो, पण बॅटरी भरण्यापुरती देत नाही. बल्बच जळाला असेल तर तो कधीच लागत नाही. न्यायशास्त्रात अशा हेतूला ‘सव्यभिचार’ म्हणतात, म्हणजे साध्य (जे सिद्ध करायचे ते) असताना आणि नसताना दोन्हीकडे आढळणारा.

म्हणून कादाचित्क बिघाडाच्या तपासणीत पहिले काम बिघाड घडवून आणण्याचे असते. इंजिन पुरते तापू द्यावे, सगळा भार टाकावा, आणि मीटर लावून ठेवून वायरिंगचा एकेक जोड हलवून पाहावा. अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची वायर काढून पाहण्याची डायनमोच्या काळातली पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी. तसे केल्याने व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड व रेग्युलेटर जळू शकतात. जे शोधायचे तेच नष्ट करणारी परीक्षा ही परीक्षा नव्हे.

संशयापासून निर्णयापर्यंत

न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत संशय, तर्क आणि निर्णय यांना स्वतंत्र स्थान आहे. संशय हा दोष मानलेला नाही. तो शोधाचा आरंभ आहे. अंधुक प्रकाशात समोर खांब आहे की माणूस, हा प्रश्न पडल्यावाचून कोणी जवळ जाऊन पाहत नाही. पण संशय नेमका असावा लागतो. ‘वायरिंगमध्ये काहीतरी आहे’ हा संशय नव्हे; ‘धन बाजूला की अर्थिंगच्या बाजूला’ हा संशय आहे, कारण तो एका मोजणीने मिटतो.

त्या मोजण्यांचा क्रम स्वस्तापासून महागाकडे आणि उघड्यापासून झाकलेल्याकडे जावा. आधी शब्दप्रमाण: गाडी चालवणाऱ्याचे सांगणे. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो. मालक बिघाडाच्या वेळेबद्दल आप्त आहे, कारणाबद्दल तो आप्त असेलच असे नाही. त्याच्याकडून केव्हा, किती वेळाने, कोणत्या वेगात, काय चालू असताना हे विचारून घ्यावे. मग प्रत्यक्ष: पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा, मधल्या लांब भागावर सुमारे एक सेंटिमीटर दबावा, त्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील तर तो घसरतो. टर्मिनल, लग, अर्थिंगची पट्टी, अल्टरनेटरच्या मागचा प्लग हाताळून पाहावा. मग मोजणी: बॅटरी स्वस्थ असताना, सेल्फ मारताना, चार्जिंग चालू असताना. पुढे भारासह व्होल्टेजची घट: अर्थिंगच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या आत, धन बाजूला ०.५ च्या आत. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून अधिक लहर दिसली तर डायोड संशयित. हे सर्व निर्दोष ठरल्यावरच अल्टरनेटर उतरवून कार्बन, रिंग आणि रेग्युलेटर पाहावेत.

या क्रमामागे एक नैतिक विचारही आहे. सुटे भाग एकामागून एक बदलत गेले तर कधीतरी बिघाड जातो, पण कशाने गेला ते कळत नाही आणि खर्च गाडी वापरणाऱ्याच्या माथी बसतो. जुनी गाडी बहुधा तिच्यावर पोट असलेल्याची किंवा दुसरी घेऊ न शकणाऱ्याची असते. त्याच्या पैशाने अंदाज बांधणे अप्रामाणिक आहे. चुकीचे अनुमान येथे केवळ तर्काचा दोष राहत नाही.

नशीब, साडेसाती किंवा नजर ही उत्तरेही याच कसोटीला लावावीत. मीमांसक आणि नैयायिक दोघेही अदृष्ट मानणारे, श्रद्धावान दार्शनिक होते. तरीही दृष्ट कारणाने उलगडा होत असताना अदृष्टाची कल्पना करू नये, हा दंडक त्यांच्या परंपरेनेच घालून दिला. सैल नट शोधण्याआधी ग्रह शोधणे हा श्रद्धेचाही अपमान आहे.

संशयाची मर्यादा

शोध कोठे थांबवावा? बाराव्या शतकात श्रीहर्षांनी ‘खंडनखंडखाद्या’त दाखवले, की कोणत्याही नियमाबद्दल पुन्हा संशय घेता येतो. लग बदलला, दिवा आता लागत नाही. पण आणखी एखादी उपाधी दडलेली नसेल कशावरून? गंगेशोपाध्यायांचे उत्तर व्यवहाराकडे बोट दाखवते. धूर हवा असलेला माणूस अग्नीच पेटवतो, भूक लागलेला अन्नच शोधतो. ज्या नियमावर विसंबून तो स्वतः वागतो त्याच नियमाबद्दल संशय बोलून दाखवणे हा व्याघात, म्हणजे स्वतःच्याच वागण्याशी विरोध आहे. तेथे संशय संपतो.

बिघाडाच्या बाबतीत हा शेवट मोजून गाठता येतो. ज्या परिस्थितीत बिघाड खात्रीने घडत होता तीच परिस्थिती दुरुस्तीनंतर पुन्हा उभी करावी: तेच तापलेले इंजिन, तोच भार, तेच मोजमाप. पूर्वी १.५ व्होल्ट असलेला फरक आता ०.१ आला आणि बॅटरीवर १४.१ व्होल्ट पोचले, तर न दिसणे आता ‘योग्य’ अनुपलब्धी झाले. बिघाड असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून नाही. बिघाड एकदाही घडवून न आणता केलेल्या दुरुस्तीला ही खात्री कधीच मिळत नाही. ती फार तर आशा असते, आणि ते मालकाला स्पष्ट सांगायला हवे.

कादाचित्क घटनेला कारण असते काय, या प्रश्नाचे उत्तर यावरून निश्चितपणे देता येते. गाडीच्या पातळीवर तरी असे कोणतेही कारण नाही जे पूर्ण सामग्री जुळूनही मनाला येईल तेव्हाच काम करते. ‘कधीकधी’ हा शब्द बिघाडाचे वर्णन करत नाही. आपल्याला अजून न कळलेल्या अटीची तो जागा दाखवतो. म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्याने एक छोटी वही गाडीत ठेवावी. दिवा लागला की वेळ, वेग, हवा, इंजिनाची उष्णता आणि त्या क्षणी काय काय चालू होते, एवढे नोंदवावे. अशा काही नोंदी जमल्या की ‘कधीकधी’च्या जागी ‘केव्हा’ लिहिता येते, आणि ‘केव्हा’ कळल्यावर ‘का’ फार दूर राहत नाही.